सफरचंदातील अळी आणि फवारणारा मजूर

सफरचंद पोखरणारी कॉडलिंग पतंगाची अळी मारण्यासाठी अमेरिकेतील बागाईतदार विसाव्या शतकाच्या आरंभापासून शिसे व सोमल यांचे संयुग फवारीत. कसोटी सोपी : फवारलेल्या व न फवारलेल्या झाडांची किडकी फळे मोजावयाची. पुढे अळी विषाला सरावली. कोलोरॅडोतील अळी व्हर्जिनियातील अळीहून अधिक विष पचविते, हे हफ यांनी १९२८ साली दाखविले. मग फवारे वाढले. मजुराच्या श्वासातून किती विष गेले, हा रकाना मात्र त्या हिशेबात नव्हता. सरकारी वैद्यांनी तो वेनॅची येथे १९३८ साली उघडला. कामगार चळवळीतील आम्ही एवढेच म्हणतो : औषधाची परीक्षा अळीवर घ्या, निकाल मजुराला तपासल्यावाचून लावू नका.