मोटारगाडीच्या स्टार्टरमधील अनियमित बिघाड

मोटारगाडीचे इंजिन सुरू करणारी विद्युत मोटर (स्टार्टर, बोलीभाषेत ‘सेल्फ’) कधी व्यवस्थित चालते, तर कधी किल्ली फिरवूनही प्रतिसाद देत नाही, अशा दोषास स्टार्टरमधील अनियमित बिघाड म्हणतात. जुन्या गाड्यांत तो विशेष आढळतो. तपासणीच्या वेळी हा दोष प्रकट होईलच असे नाही. त्यामुळे अनेकदा चांगली बॅटरी किंवा चांगला स्टार्टर बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून भाग बदलण्यापूर्वी, स्टार्टरवर भार असताना विद्युत दाब मोजणे हा निदानाचा मुख्य आधार होय.

इतिहास

आरंभीच्या मोटारगाड्या पुढील बाजूस हँडल फिरवून सुरू करीत. इंजिनाच्या उलट झटक्याने हाताला गंभीर इजा होण्याचा धोका त्यात असे. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवण्यात आला.

रचना व कार्य

या यंत्रणेत दोन विद्युत मंडले असतात. किल्लीच्या स्विचमधून जाणारे नियंत्रण मंडल सॉलिनॉइडला अल्प प्रवाह पुरवते. सॉलिनॉइड आतील जाड संपर्क जोडतो आणि मुख्य मंडलातून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरीकडे जातो. मोटरीचे पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून इंजिन फिरवते. परतीचा प्रवाह इंजिनाच्या धातूतून, व पुढे इंजिन आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे येतो.

लक्षणे व संभाव्य कारणे

• कोणताही आवाज नाही, दिवे प्रखर : किल्लीचा स्विच, नियंत्रण मंडलाची तार किंवा तिची सैल जोडणी.
• एकच ‘खट्’ आवाज, दिवे प्रखर : सॉलिनॉइडचे जळालेले संपर्क किंवा मोटरीचे झिजलेले ब्रश.
• सलग खटखट, दिवे मंद : उतरलेली बॅटरी किंवा गंजलेली टर्मिनले.
• मोटर फिरते, इंजिन फिरत नाही : पिनियन किंवा फ्लायव्हीलचे झिजलेले दाते.

स्टार्टरवर हलके ठोकल्यावर तो चालू लागल्यास ब्रश किंवा कम्युटेटर झिजल्याचा संशय येतो. चार सिलिंडरचे इंजिन बहुधा ठरावीक दोन स्थितींतच थांबते. त्यामुळे फ्लायव्हीलचे दातेही त्याच दोन जागी अधिक झिजतात.

दाबघट चाचणी

गंजलेल्या जोडणीचा रोध ०.०१ ओहम एवढा अल्प असला, तरी १५० अँपिअर प्रवाह वाहताना तेथे १.५ व्होल्ट दाब वाया जातो. प्रवाह बंद असताना मात्र त्याच जोडणीपलीकडे बॅटरीचा पूर्ण दाब दिसतो. म्हणून दुसऱ्या व्यक्तीस किल्ली फिरवण्यास सांगून, स्टार्टर चालू असतानाच बॅटरीचा धन ध्रुव व स्टार्टरचे मुख्य टर्मिनल, आणि ऋण ध्रुव व स्टार्टरचे कवच यांमधील दाब मोजतात. १२ व्होल्टच्या गाडीत प्रत्येक बाजूची घट साधारणतः अर्ध्या व्होल्टच्या आत असावी. त्याच वेळी बॅटरीचा दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास प्रथम बॅटरी तपासतात.

उष्णतेचा परिणाम

काही गाड्या थंड असताना सुरू होतात, पण लांब प्रवासानंतर लगेच सुरू होत नाहीत. तापमान २० वरून ८० अंश सेल्सिअसवर गेल्यास तांब्याचा रोध जवळपास एक चतुर्थांशाने वाढतो आणि सॉलिनॉइडची ओढ कमी होते. फोक्सवॅगन बीटलमध्ये हा दोष सुपरिचित आहे. तिचे इंजिन व बॅटरी मागे, तर किल्लीचा स्विच पुढे असल्याने नियंत्रण मंडलाची तार पुढे जाऊन परत येते, आणि वयोमानानुसार वाटेतील प्रत्येक जोडणीचा रोध वाढतो. स्टार्टरजवळ रिले बसवून सॉलिनॉइडला बॅटरीतून थेट प्रवाह देणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे; मात्र त्याआधी जुन्या जोडण्या स्वच्छ करणे आवश्यक असते.

दक्षता

चाचणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावतात व इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची जोडणी काढतात. गिअरमध्ये असलेल्या गाडीचा स्टार्टर बाहेरून थेट जोडल्यास ती अंगावर येऊ शकते. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये. स्टार्टर एका वेळी सुमारे १० सेकंदांहून अधिक न चालवता मध्ये थंड होऊ देतात.