माळ्यावरची खेळणी

राधानगरी भागात जुनं कौलारू घर उतरवायचं ठरलं, की आधी माळा रिकामा करतात. वासे, तुळया, कौलं यांचा हिशेब नंतर. पहिल्यांदा खाली येतात त्या मोडक्या कणग्या, कंदील, पाटा-वरवंटा, पितळेच्या घागरी. या पसाऱ्याच्या तळाशी हमखास एखादं खेळणं निघतं. एका शिंगाचा लाकडी बैल, आर निघालेला भोवरा, हात तुटलेली कचकड्याची बाहुली. भांडी भावाभावांच्या वाटणीत जातात, लाकूड चुलीला लागतं. खेळणं कुणाच्याच वाट्याला येत नाही. ते भंगारवाल्याच्या पोत्यात पडतं.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी हीच खेळणी गोळा करतोय. लोक हसतात. "मास्तर, पेन्शन सुरू झाली आणि बाहुल्या खेळाय लागलासा व्हय?" म्हणतात. हसू देत. पण गावाचा इतिहास फक्त गॅझेटियरात आणि सातबाऱ्यावर नसतो. राजा कोण होता, सारा किती होता हे तिथं सापडेल. त्या काळात चार वर्षांचं पोर दिवसभर कशाशी खेळायचं, हे मात्र खेळण्यालाच विचारावं लागतं.

आमच्या भागातली खेळणी बघितली तर त्यांचे तीन थर दिसतात. सगळ्यात खालचा थर गावातच घडलेल्या खेळण्यांचा. बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल यायचे. पूजा झाली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, की ते बैल पोरांचे. चार दिवसांत शिंगं मोडायची, आठ दिवसांत मातीची माती. म्हणून मातीचा जुना बैल माळ्यावर सहसा सापडत नाही. शाळूच्या ताटांची गाडी, करवंटीचा तराजू, चिंध्यांची बाहुली हीही तशीच जन्मली आणि तशीच मातीत गेली. टिकलं ते सुताराच्या हातचं. औताचं काम करता करता उरलेल्या ढलप्यातून तो भोवरा करून द्यायचा. घरात पोर उभं राहायला लागलं, की तीन चाकांचा पांगुळगाडा घडवून द्यायचा आणि बदल्यात पायली-दोन पायली भात न्यायचा. त्यावर ना नाव, ना सही. पण रंधा कसा मारलाय, चाकाला भोक कसं पाडलंय, यावरून म्हातारी माणसं कुणाचं काम ते ओळखायची.

दुसरा थर घाटाखालचा. राधानगरीवरून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरला की कोकण. वरून गूळ, मिरची खाली जायची. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचा. त्याच वाटेनं सावंतवाडीची लाकडी खेळणी आमच्या घरांत आली. तिथले चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं, भाज्या, बाहुल्या करतात आणि लाखेच्या रंगात रंगवतात. गोल गंजिफांचे पत्तेही त्यांच्याच हातचे. ही कला मोडकळीला आली तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली.

माझ्या आजीकडं अशाच लाकडी केळ्यांची एक फणी होती. एका केळ्यावर दातांची खूण होती. विचारलं तर म्हणायची, "आमच्या बानं घाटाखालनं आणल्याली. खरीच केळी म्हणून दात लावला आणि लाकडाची निघाली म्हणून दिसभर रडलो मी." रंग उडालेली ती फणी बाजारात मांडली तर शंभर रुपये येणार नाहीत. पण घाटवाटेचा व्यापार, लेकीसाठी काहीतरी हातात घेऊन येणारा बाप आणि फळांचं अप्रूप असलेलं घर, एवढं सगळं त्या एका दाताच्या खुणेत आहे.

तिसरा थर दूर देशीचा. कचकडं म्हणजे सेल्युलॉइड. त्याच्या बाहुल्या, चावीची पत्र्याची मोटार, ढोल वाजवणारं माकड हा माल जर्मनी-जपानहून मुंबईला उतरायचा आणि फिरत फिरत कोल्हापूरच्या बाजारात यायचा. महाद्वार रोडला अंबाबाईचं दर्शन झालं किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलं, की पिपाणी, भिंगरी घ्यायची ही रीत. चावीचं खेळणं मात्र नोकरदाराच्या किंवा इनामदाराच्या घरीच. अशा खेळण्याचं बूड बघावं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. त्या वर्षांतल्या निर्यातीच्या बऱ्याच मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असायचा. पत्र्याच्या एका बेडकाच्या पोटावर महायुद्धाचा निकाल लिहिलेला असतो तो असा.

वस्तू बोलते, पण ती कुठली हे माहीत असेल तरच. आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं सांगतो. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. गेंडा आणि रेडा तर चाकांवर उभे. दिसायला पोरांची ओढगाडीच, पण चारींचं वजन मिळून साठ किलोंहून जास्त. त्या सरकारजमा झाल्या, म्हणून आज जगाला माहीत आहेत. तरीही त्या मातीच्या नेमक्या कुठल्या थरात होत्या याची नोंद नव्हती, म्हणून त्यांच्या वयावर विद्वानांत वाद झाला तो झालाच. दुसरं उदाहरण तेरचं. तिथले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू जपल्या. आज त्यांच्या नावानं तिथं सरकारी संग्रहालय आहे. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जुळणारी मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. दोन्हींची गावं माहीत होती म्हणून मराठवाडा आणि रोम यांच्यातला धागा जुळला. नाहीतर दोन मूर्ती दोन कपाटांत मुक्या बसल्या असत्या.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं, खेळणी अशा वीस हजारांहून अधिक वस्तू आयुष्यभर फिरून जमवल्या, बालवयात गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. त्या काळी वस्तू घ्यायची तर दारात जावं लागे. घरमालकिणीच्या हातचा चहा घेताना वस्तूची गोष्टही पदरात पडे.

आता ती भेटच उरली नाही. भंगारवाला पोतं भरतो, तालुक्याचा व्यापारी ते उचलतो, त्याच्याकडून शहरातला घेतो आणि तिसऱ्या दिवशी वस्तू मोबाईलवर झळकते. मीही मोबाईलवरून घेतो. दाजीपूरच्या जंगलाकडं तोंड करून बसलेल्या माणसाला घरबसल्या विजापूरचा लाकडी घोडा दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रत्येक हातबदलात वस्तूची किंमत वाढते आणि गोष्ट गळते. शेवटी किंमतच राहते, आणि गोष्टीच्या रिकाम्या जागी कुणीतरी दुसरी गोष्ट बसवतो.

माझ्या मावशीच्या घरचा पांगुळगाडा असाच गेला. घर उतरवलं तेव्हा ती दवाखान्यात होती. परत आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "माळ्यावरचा गाडा कुठं रं?" मुलगा म्हणाला, "भंगारात घातला, आये. तीनशे दिलं त्यानं." मावशी काही बोलली नाही. चार-पाच महिन्यांनी मोबाईलवर मला तोच गाडा दिसला. ओळखायला अडचण नव्हती. दोन चाकं सागाची आणि डावं चाक फणसाचं, पिवळसर. मूळचं चाक तडकल्यावर मावशीच्या सासऱ्यांनी ते नवीन घालून घेतलं होतं. खाली लिहिलं होतं: 'राजघराण्यातील लहान रथ, दीडशे वर्षं जुना, संपूर्ण सागवान, मूळ चाकं.' किंमत अठरा हजार.

मी फोन केला. गाडा कुठला, कुणी घडवला, कोणतं चाक कधी बदललं, सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, तुमचं खरं असंल. पण पांगुळगाडा म्हणून लिवला तर कोण घेणार?" आठवड्याभरात तिथं 'विकले' अशी पाटी लागली. मावशीला मी फोटो दाखवला. तिनं चष्मा पुसून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्येच्यावर तू पयलं पाऊल टाकलंस. सुट्टीला आणल्यालं तुला." मला ठाऊक नव्हतं. आज तो गाडा कुणाच्या तरी दिवाणखान्यात रथ म्हणून उभा असेल.

म्हणून घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं, दोघांनीही थोडं बघावं. घेताना खालच्या बाजूचा उजेडातला फोटो मागावा. पोरानं खेळलेली वस्तू जिथं हात लागतो तिथं झिजते. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडं सारखी झिजलेली असते. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेतून आला. तो दिसला तर एक तर वस्तू तेवढी जुनी नाही, नाहीतर मागाहून दुरुस्त झालीय. लाकडावर यांत्रिक करवतीच्या गोल खुणा असतील तर 'शिवकालीन' या शब्दावर विश्वास ठेवू नये. पैशांचंही तसंच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजावं, पैसे जाणार आहेत. जुनी नाणी-नोटा लाखो रुपयांना घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावानं फसवणूक होऊ लागली, तेव्हा २०२१ साली बँकेलाच लोकांना सावध करावं लागलं. फसलंच कुणी तर १९३० या नंबरवर लगेच कळवावं.

कायदाही ध्यानात असावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची कलावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. नांगराला लागून जमिनीतून काही निघालं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवायचं.

पण कायद्याच्या आधी एक काम घरातच करण्यासारखं आहे. माझ्या कपाटात आज दोनशेच्या वर खेळणी आहेत आणि प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली आहे. गाव, घर, कुणी केलं, कोण खेळलं, काय मोडलं, कुणी दुरुस्त केलं. केळ्याच्या फणीच्या चिठ्ठीवर आजीचं वाक्य तिच्याच बोलीत लिहिलंय. माळा रिकामा करताना खेळणं ठेवा किंवा विका, तो ज्याचा त्याचा प्रश्न. जागा सगळ्यांकडं नसते, पैशांची नड सगळ्यांना असते. पण विकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात ते एकदा द्या, आणि तो काय बोलतो ते लिहून घ्या. ती म्हातारी माणसं माळ्यावर ठेवता येत नाहीत.