ढोबळी मिरचीचं उत्पादन आणि राइट यांचे बाण

आसेगावला गेलो की काका हमखास विचारतात, "झाड जोमदार हाय म्हंजे ढोबळी मिरची जास्त लागन ना रे?" आपण थिसिसमध्ये हेच विचारतो, फक्त उंची, फांद्या, फळांची संख्या, फळाचं वजन असे रकाने करून.

सहसंबंध मोजायची कल्पना गाल्टन यांनी १८८८ मध्ये मांडली. पण दोन गोष्टी सोबत वाढतात, एवढंच तो सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनी पिगवर काम करणाऱ्या स्यूअल राइट यांनी १९२१ मध्ये हा सहसंबंध फोडून दाखवला: थेट परिणाम वेगळा, दुसऱ्या गुणामार्फत होणारा वेगळा. हेच पाथ अ‍ॅनालिसिस. १९२२ मध्ये नाइल्स यांनी टीका केली की कारण असं आकड्यांतून निघत नसतं. राइट यांचं १९२३ चं उत्तर प्रत्येकाने वाचावं. ते म्हणाले, तसा दावाच नाही. बाण कुठून कुठे जातो हे आपण विषयाच्या ज्ञानावरून ठरवायचं, पद्धत त्यावर आकडे बसवते.

पिकांच्या अभ्यासात हे रुळलं ते ड्यूई आणि लू यांच्या १९५९ च्या, एका चारा-गवतावरच्या निबंधानंतर. आपल्याकडे सांख्यिकीची जमीन तयारच होती. इंदूरला कापसावर काम केलेले वि. गो. पानसे आणि साताऱ्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचं पुस्तक १९५४ मध्येच आलं होतं.

एक कल्पित उदाहरण घ्या. फळाच्या वजनाचा उत्पादनाशी सहसंबंध फक्त ०.१५. वाटतं, सोडा हा गुण. पण थेट परिणाम ०.६० आहे. फळं मोठी झाली की संख्या घटते (सहसंबंध -०.५०), आणि संख्येचा थेट परिणाम ०.९०, म्हणजे -०.४५ तिकडून वजा झाले. नुसता सहसंबंध बघून निवड केली असती तर चांगली झाडं हातची गेली असती.

आता बाणांचं. ढोबळीत फुलं फांद्या फुटतात त्या बेचक्यात येतात, म्हणून फांद्यांकडून फळसंख्येकडे बाण काढायला आधार आहे. उंचीचं तसं नाही. आणि शेडनेटमध्ये दोन किंवा चार फांद्या ठेवून बाकीच्या छाटतात, तिथे फांद्यांची संख्या झाड ठरवत नाही, माणूस ठरवतो. तरी सॉफ्टवेअर आकडा देतंच.

काकांना मी उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, "काका, तुम्ही छाटणी करता का?"