पॅडल कडक, ब्रेक नापास

हा एका गाडीचा वृत्तान्त नव्हे. हायड्रॉलिक ब्रेकचा जुना छोटा ट्रक घाटात कसा दगा देतो, त्याचा हा घटनाक्रम.

सकाळी १०.००, पिंपळगाव बसवंत : पॅडल खोल जातंय. मालक म्हणतो, "एअर काढ आणि सोड. रात्री वाशीला टोमॅटो न्यायचेत."

१०.३० : हेल्पर केबिनमध्ये, मिस्त्री गाडीखाली. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकाला. "पंप मार... मार... आता धर!" चाकामागचं एअर काढायचं निपल जरासं सैल होतं, नळीतून बुडबुडे फसफसतात. निपल आवळल्यावरच पाय वर. चौथ्या चाकाला बुडबुडे थांबतात.

११.१५ : घात इथेच होतो. नळीतून येणारं ऑइल अजून काळपट आहे. चारही चाकांना स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत काढत राहायचं, तर मिस्त्री डबीत वरून नवं ओतून झाकण लावतो. पॅडल कडक लागतं. मालक खूश.

दुपारी ४.०० : क्रेट चढतात. चाकांकडच्या पाइपांत मात्र जुनंच ऑइल आहे, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं 'डॉट ३' दर्जाचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० अंशांवर येते. थंड गाडीत पॅडल दाबून हे कळत नाही.

रात्री ११.१० : इगतपुरी मागे पडली, कसारा घाटाचा उतार लागला. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल. सगळा भार ब्रेकवर.

११.२२ : लायनर करपल्याचा वास. ड्रमची धग व्हील सिलिंडरपर्यंत पोचते.

११.२६ : पॅडल निम्म्यावर. दोनदा पंप मारल्यावर ब्रेक कसाबसा धरतो.

११.२८ : ऑइल उकळतं. पाय वाफेलाच दाबतो, चाकाला जोर पोचत नाही. पॅडल फळीला टेकतं. हँडब्रेक पुरत नाही, या वेगात खालचा गिअर पडत नाही. ड्रायव्हर गाडी दरडीला घासतो, ती उलटते.

सकाळी ७.०० : ऑइल निवलंय, वाफ जिरलीय, पाइप शाबूत आहेत. कुणीतरी पॅडल दाबून बघतं : ब्रेक ठीक. कागदावर येतं, 'चालकाचा ताबा सुटला'. निपल उघडून ऑइलचा रंग कुणी बघत नाही. मालक पुढच्या गाडीचीही फक्त एअरच काढून घेतो.