राइट फर्स्ट टाइम (वस्त्ररंगाई)

कापडाचा लॉट पहिल्याच रंगाईत ठरलेल्या छटेचा व पक्क्या रंगाचा उतरावा, त्याला दुरुस्ती लागू नये, हा वस्त्रप्रक्रिया उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थापनाचा निकष. एकूण लॉटपैकी असे लॉट किती, याच्या टक्केवारीत तो मांडतात. निकषाचा मूळ हेतू खर्चबचतीचा. मात्र प्रत्येक दुरुस्ती अखेर सांडपाण्यात उतरत असल्याने प्रदूषण घटवण्यासही तो उपयोगी पडतो.

पार्श्वभूमी : तयार मालातून दोष निवडत बसण्यापेक्षा प्रक्रियाच आटोक्यात ठेवावी, हा विचार वॉल्टर शूहार्ट यांच्या नियंत्रण आलेखाने (१९२४) रुजवला. प्रदूषण उगमाशीच रोखण्याचा कार्यक्रम अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९७५ मध्ये हाती घेतला. पुढे गुणवत्तेसाठी आयएसओ ९००१ (१९८७) आणि पर्यावरण व्यवस्थापनासाठी आयएसओ १४००१ (१९९६) ही मानके आली.

प्रदूषणाशी संबंध : सुती कापड बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. मिठामुळे रंग धाग्याकडे ओढला जातो आणि सोडा अ‍ॅशमुळे तो धाग्याशी बांधला जातो. काही रंग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो व धुलाईत निघून जातो. मीठ तर सगळेच पाण्यात उरते. समजा, १०० किलो कापडाला १:८ प्रमाणाने ८०० लिटर पाणी घेतले आणि लिटरमागे ६० ग्रॅम मीठ घातले, तर एका रंगाईतून ४८ किलो मीठ बाहेर पडते. छटा चुकली, तर कॉस्टिक व हायड्रोस या रसायनांनी रंग उतरवून पुन्हा रंगाई करावी लागते. मग आणखी ४८ किलो मीठ, शिवाय नव्या धुलाया. सांडपाणी शुद्धीकरणातील जैविक टाकीत मीठ नष्ट होत नाही. ते वेगळे काढायला रिव्हर्स ऑस्मोसिस व बाष्पीभवन संयंत्र लागते आणि त्याचा वीजखर्च मोठा असतो.

कार्यपद्धती : चुका बहुधा रंगाईच्या आधीच्या असतात. म्हणून रंगाईसाठी धुऊन तयार केलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहतात. तो लगेच मुरला नाही, तर खळ किंवा मेण उरले आहे आणि रंग डागाडागांनी बसणार, हे कळते. पाण्याचा जडपणा, कापडाचे खरे वजन, द्रावणाचा सामू व तापमान यांच्या नोंदी ठेवतात. लॅब-डिप (प्रयोगशाळेतील नमुना रंगाई) त्याच लॉटच्या कापडावर घेतात. सोडा एकदम न ओतता हळूहळू सोडतात. छटा प्रकाशपेटीत वेगवेगळ्या दिव्यांखाली तपासतात. कारण खिडकीच्या उजेडात जुळलेली छटा दुकानातील दिव्याखाली वेगळी दिसू शकते.

भारतातील स्थिती : नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिरुप्पूरमधील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथे शून्य द्रव विसर्गाची, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडण्याची, पद्धत रुळली. सांडपाण्याच्या प्रत्येक लिटरवर प्रक्रिया करण्याचा खर्च अंगावर आल्याने फेररंगाईची खरी किंमत हिशेबात दिसू लागली. महाराष्ट्रात इचलकरंजी व सोलापूर या वस्त्रकेंद्रांना हा निकष तितकाच लागू पडतो. इचलकरंजीत पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जुनाच आहे.

मर्यादा : निर्दोष उतरलेला लॉटही आपल्या वाट्याचे मीठ (वरच्या उदाहरणात ४८ किलो) मागे ठेवतोच. त्यामुळे हा निकष शुद्धीकरणाला पर्याय नसून त्यावरचा भार हलका करणारा आहे. खरेदीदाराने छटेची मर्यादा अवाजवी काटेकोर ठेवली, तर वापरण्याजोगे कापडही पुन्हा रंगवले जाते आणि गुणवत्तेचा आग्रहच प्रदूषण वाढवतो.