म्हाताऱ्या घोड्याची चंदी

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान असते, त्यात साधारण ८ ते १५ लिटरच अन्नपाणी मावते, आणि अन्ननलिकेच्या शेवटी असलेला स्नायू इतका घट्ट मिटलेला असतो की घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळे जे पोटात गेले ते पुढेच सरकते. पुढे उंडुकात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीत, सूक्ष्मजंतू गवताचे तंतू आंबवून पचवतात. तेथे अर्धवट चावलेले धान्य एकदम पोहोचले की आम्ल व वायू वाढून पोटशूळ उठतो. घोड्याच्या दाढा आयुष्यभर झिजतात आणि हिरडीतून वर सरकत राहतात, पण उतारवयात त्यांचा साठा संपत येतो. मग घोडा गवताचे ओले बोळे चघळून खाली टाकू लागतो, लिदीत अख्खे दाणे दिसू लागतात, आणि चंदी, म्हणजे रोजचे ठरीव धान्य, पूर्वीइतकीच देऊनही बरगड्या वर येतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात या अवस्थेची दखल आहे. उत्तम घोड्याला २ द्रोण धान्य, १ प्रस्थ स्नेह (तूप किंवा तेल) आणि ५ पल मीठ असे माप तेथे दिले असून, धान्य अर्धे शिजवून देण्याचीही मुभा आहे. पागेच्या नोकरवर्गात विधापाचक, म्हणजे केवळ घोड्यांचा शिधा शिजवणारा, वेगळा सांगितला आहे. घोड्याचे अंग भरते की झडते हे पाहणे आणि ऋतूप्रमाणे आहार बदलणे ही अश्ववैद्याची कामे होती. युद्ध, व्याधी किंवा जरा यांनी क्षीण झालेल्या घोड्याला कामाविना पोटापुरता आहार द्यावा, असेही हा ग्रंथ बजावतो. कर आणि दंड यांचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात निरुपयोगी जनावराचा शिधा राज्याच्या खर्चात धरलेला असावा, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

मराठा पागेत ही काळजी प्रामुख्याने वैरणीच्या बंदोबस्तातून दिसते. सभासदाच्या बखरीप्रमाणे २५ बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वारांमागे, १ पखालजी (पाणी वाहणारा) व १ नालबंद असे, आणि पावसाळी छावणीसाठी दाणा, वैरण व औषधे आधीच साठवली जात. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्कराला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, साठा आरंभीच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असे कठोर शब्दांत सुनावले आहे. या शिस्तीचा संबंध पचनाशीही आहे, कारण कोरड्या कडब्यावर महिनोन्‌महिने काढलेला घोडा कोवळ्या ओल्या गवतावर एकदम तुटून पडला तर त्याचे पोट फुगते, आणि दात गेलेल्या घोड्याला हा बदल सर्वांत कमी सोसतो.

प्रत्यक्ष उपचार मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या सेवकाच्या, हाती असे. दख्खनेत चंदी मुख्यत्वे हरभऱ्याची, दक्षिणेकडे कुळथाची. ती भरडून पाण्यात चांगली फुगू द्यायची, वर चिमूटभर मीठ घालायचे आणि तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून, एका वेळी थोडी थोडी द्यायची. कोरडा हरभरा पोटात जाऊन फुगण्याऐवजी तो आधीच बाहेर फुगलेला असणे, यातच या पद्धतीचे सारे शहाणपण आहे. कोंडा कालवून किंवा जवस उकळून दिले जाई तेही चावण्याचे कष्ट वाचावेत म्हणूनच. याउलट ओवा, हिंग, काळे मीठ यांच्या मसाल्यावर सालोत्र्यांचा, म्हणजे शालिहोत्राची परंपरा सांगणाऱ्या अश्ववैद्यांचा, जो भर असे, तो फारसा पटत नाही, कारण झिजलेल्या दाढेवर मसाल्याचा इलाज चालत नाही.

पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा आणि मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा शूळ आणि दात यांचा विचार शास्त्रीय शिक्षणाच्या कक्षेत आला. दाढांची टोके कानशीने घासणे, मुबलक पाणी, बारीक कापून भिजवलेले गवत आणि दिवसातून अनेकदा थोडे खाणे, हेच वृद्ध घोड्यासाठी आजही सांगितले जाते. कोंड्याबाबत मात्र जुन्या रिवाजाला मुरड घालावी लागली आहे, कारण त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम कमी असल्याने तो रोजचा मुख्य आहार केल्यास हाडे ठिसूळ होतात.