जर्मन क्रीडाजाहिरातीच्या संज्ञा आणि इंग्रजी अनुवाद

क्रीडाप्रक्षेपणातील जाहिरातविषयक जर्मन संज्ञा इंग्रजीत नेताना शब्दार्थ पुरेसा ठरत नाही. ‘ट्रिकोटव्हेर्बुंग’ म्हणजे खेळाडूंच्या गणवेशावरील जाहिरात. शब्द सोपा, प्रश्न जाहिरात कशास म्हणावे हा होता. गणवेशावर जाहिरातीस बंदी असता आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या फुटबॉल क्लबने मानचिन्हातील पारंपरिक सिंह काढून येगरमाइस्टर या मद्याच्या बोधचिन्हातील हरिणशीर्ष स्वीकारले. २४ मार्च १९७३ रोजी खेळाडू तेच चिन्ह धारण करून मैदानात उतरले. त्याच वर्षी जर्मन फुटबॉल महासंघाने अशा जाहिरातीस मान्यता दिली.

‘श्लाइशव्हेर्बुंग’ ही संज्ञा अधिक उद्बोधक आहे. तिच्यातील क्रियापदाचा अर्थ चोरपावलांनी सरकणे. ३ ऑक्टोबर १९८९ च्या युरोपीय दूरचित्रवाणी निर्देशाच्या जर्मन पाठात ती आली. इंग्रजी पाठाने मात्र लॅटिन मूळ असलेला ‘सरेप्टिशस ॲडव्हर्टायझिंग’ हा शब्दप्रयोग योजला. त्यात चोरपावलांचे चित्र लोपले. तथापि प्रक्षेपकाचा जाहिरातीचा हेतू आणि प्रेक्षकांची संभाव्य दिशाभूल या कसोट्या व्याख्येतच नमूद असल्याने दोन्ही पाठांचा आशय अभंग राहिला. विधिभाषेच्या अनुवादात प्रतिमा गमावली तरी चालते. व्याख्या गमावून चालत नाही.